हजेरीपटावरचं नाव, घरातलं नाव

जुलैच्या अंकासाठी दर वर्षी शिक्षकांचीच पत्रं जास्त येतात. या वेळी तीन घेतली आहेत. पहिल्या पत्राला मी जास्त जागा दिली, कारण ते वाचताना मला माझाच एक जून आठवला.

प्रश्न : सा. न. वि. वि. बाई, मी सोलापुरात पूर्व भागातल्या महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षणसेवक आहे. हे माझं दुसरं वर्ष. पहिलीचा वर्ग, पट ३८. निम्म्याहून जास्त मुलं घरी तेलुगू बोलतात. फुगे लावून प्रवेशोत्सव केला, आणि त्यानंतर आजपर्यंत मी शिकवलं ते बोटांवर मोजण्याइतके तास. आधार जुळवा, गणवेशाची मापं द्या, पुस्तकांची पोच लिहा, पोषण आहाराची रोजची संख्या भरा, पालकांच्या सह्या आणा. आमचे मुख्याध्यापक म्हणतात, "आधी पोर्टल, मग फळा." एक मुलगा रोज दाराची चौकट धरून रडतो. पाणी यायच्या दिवशी दहा-बारा मुलं येतच नाहीत. मी "बसा" म्हटलं की काही जण नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहतात. घरी सासरे म्हणतात, आपल्याच जिल्ह्यातल्या डिसले गुरुजींनी जगातला पुरस्कार आणला, तुला अडतीस पोरं आवरेनात? महिना सोळा हजार मानधन, कायम व्हायला अजून वेळ आहे, त्यामुळे उलट बोलायचीही भीती वाटते. मी शिक्षिका व्हायला लायक आहे का, हेच कळेनासं झालंय.
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : तुला एकेरीत लिहिते, राग मानू नकोस. माझी धाकटी लेक तुझ्याच वयाची असावी.

शेवटचं आधी. तीन आठवडे शिकवायला मिळालं नाही म्हणून जिला झोप लागत नाही, तिच्या लायकीबद्दल मला शंका येत नाही. सासऱ्यांना एवढंच सांग की डिसले गुरुजी माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत आले २००९ साली आणि 'ग्लोबल टीचर प्राइज' हा पुरस्कार मिळाला २०२० साली. मधल्या अकरा वर्षांतले जून कुणी मोजत नाही. तुझा हा दुसरा आहे.

आता माझा जून सांगते. १९८७ चा. मीही पूर्व भागातच होते, पहिलीचाच वर्ग. माहेर पंढरपूरचं, तेलुगूचा एक शब्द कानावरून गेलेला नव्हता. रोज हजेरी घ्यायची, नाव पुकारायचं, "हजर" आलं की खूण करायची. एका मुलीचं नाव चांगलं पाच अक्षरी, देवीचं. रोज पुकारलं, रोज उत्तर नाही. नऊ दिवस मी तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडत गेले. दहाव्या दिवशी पाट्या वाटल्या. हजेरीपटावर हजर एकतीस, आणि हातातल्या गठ्ठ्यातून पाट्या गेल्या बत्तीस. पुन्हा मोजल्या. बत्तीसच. मग एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजत गेले तेव्हा खिडकीखाली एक मुलगी सापडली. पाटी छातीशी धरून बसलेली, तेल लावून घट्ट दोन वेण्या, लाल रिबिनी. "तुझं नाव काय गं?" तर म्हणाली, "पापा."

मला वाटलं, गोड बोलून पापा मागतेय. आमच्या शिपाई मावशी तिथल्याच. त्या म्हणाल्या, "बाई, आमच्यात लहान पोरीला पापा म्हणतात. घरी तिला तीच हाक असणार. दुसरं नाव तिनं ऐकलंच नसंल."

संध्याकाळी मावशींना घेऊन तिच्या घरी गेले. एका खोलीत आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. ओल्या पानांचा आणि तंबाखूचा वास. आईचे हात थांबले नाहीत, मान तेवढी वर झाली. आणि ही मुलगी, माझ्या लेखी नऊ दिवस शाळेत न आलेली, तिच्या शेजारी बसून वळलेल्या विड्यांची तोंडं बोटांच्या टोकांनी मुडपत होती. किती सफाई होती त्या सहा वर्षांच्या बोटांत! मावशींनी विचारलं, पोर शाळेत जाते का? आई म्हणाली, रोज जाते, एक दिवस चुकली नाही. खरं ती बोलत होती, खोटा माझा हजेरीपट होता.

दुसऱ्या दिवशी लाल शाईनं नऊ खाडाखोडी केल्या आणि प्रत्येकीपाशी मुख्याध्यापकांची सही घेतली. त्यांनी विचारलं, "नऊ दिवस तुम्ही तिच्याकडे बघितलं नाही?" मी बघितलं होतं. पण मला कागद भरायची घाई होती. त्या वेळी पोर्टल नव्हतं, आधार नव्हतं, तरी घाई होतीच. पुस्तकांची यादी, फीमाफीचे अर्ज, जन्मतारखांचे दाखले. म्हणून तुझं पत्र वाचून मला असं म्हणवत नाही की आमच्या काळी सगळं छान होतं.

आता तुझ्या शाळेकडे येऊ. मुख्याध्यापकांशी भांडू नकोस, त्यांच्यावरही वरून रोज फोन येतात. पण एक हिशोब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेव. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलंय. म्हणजे दिवसाचे चार तास. त्यातला एक तास मोबाइलवर माहिती भरण्यात गेला की मुलांचा पाव हिस्सा गेला. तक्रार म्हणून हे बोलू नकोस. सोबत तोडगा घेऊन जा: परिपाठापासून मधल्या सुट्टीपर्यंत मोबाइल कपाटात राहील. सुट्टीनंतर तू आणि दुसरीच्या बाई आलटून पालटून दोन्ही वर्ग एकत्र घेऊन गाणी, गोष्टी, खेळ घ्याल. त्या पाऊण तासात दुसरी निवांत बसून पोर्टलचं काम करील. पोषण आहाराची संख्या रोज द्यावीच लागते, त्याला दोन मिनिटं पुरतात. बाकीची कामं आठवड्यातून दोनदा घाऊक होतात. एकेक पालक आला की एकेक आधार उघडत बसलीस, तर ऑगस्ट उजाडेल.

आधारचं म्हणशील तर ते एका बैठकीत निस्तर. पालकांना संध्याकाळी बोलाव, विड्या देऊन बायका घरी परतल्यावर, आणि पाण्याचा दिवस सोडून. एक साधी वही कर. जन्मदाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव त्याच्या इंग्रजी स्पेलिंगसकट, जन्मतारीख, आणि चौथ्या रकान्यात घरातली हाक. पहिलीत अडचण बहुधा दोनच ठिकाणी येते. एक, आडनावाचं स्पेलिंग दाखल्यावर वेगळं आणि आधारवर वेगळं. तेलुगू आडनावं मराठी कारकुनानं कानाला आली तशी लिहिलेली असतात, तिथे हटकून चुकतं. दुसरं, तान्हेपणी काढलेलं आधार. त्यात बोटांचे ठसे नसतात, पाच वर्षं पूर्ण झाली की ते द्यावे लागतात, आणि बऱ्याच आयांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. त्या बैठकीतच सांगून टाक, म्हणजे त्या केंद्रावर एकदाच जातील. त्यांचा एक दिवस बुडाला की त्या दिवसाच्या विड्या बुडतात.

चौथा रकाना पोर्टलला नको आहे, तो तुला हवा आहे. पहिला महिनाभर हजेरी घेताना दोन्ही नावं घे, आधी घरातलं, मग हजेरीपटावरचं. महिन्यात मूल नव्या नावाला ओ द्यायला शिकतं. आणि हजेरी झाली की डोकी मोज. मी निवृत्त होईपर्यंत रोज मोजली.

भाषेचं मला सविस्तर सांगायचंय, कारण "नुसते तोंडाकडे बघतात" हे तू तक्रारीच्या सुरात लिहिलंयस. ती मुलं मठ्ठ नाहीत गं, त्यांना तुझा शब्द पोचत नाही. मी मावशींकडून टाचणवहीच्या शेवटच्या पानावर शब्द लिहून घेतले होते. रा म्हणजे ये. कूर्चो म्हणजे बस. नीळ्ळु पाणी, पलक पाटी, बडि शाळा. वीस-पंचवीस शब्दांवर जून निघतो. एकदा फळ्यावर पालीचं चित्र काढून खाली 'पाल' लिहिलं, तर अर्धा वर्ग चित्राकडे बघून गोंधळला. पालु म्हणजे त्यांच्याकडे दूध! मग एका बाजूला पाल काढली, दुसऱ्या बाजूला दुधाचा पेला, आणि दोन्ही शब्द म्हणून घेतले. 'प' त्या दिवशी जितका पक्का झाला तितका एरवी आठ दिवसांत झाला नसता. तेलुगूत मराठीसारखी तीन लिंगं नाहीत, त्यामुळे "माझा आई" ऐकू आलं की तिथल्या तिथे टोकू नकोस. तू "हो, तुझी आई" असं म्हणून पुढे जा. दिवाळीपर्यंत बदल दिसेल. बालभारती तेलुगू माध्यमाचीही पुस्तकं काढते, त्यातलं पहिलीचं एक मिळव. शाळेत तेलुगू बोलणारी मावशी, डबेवाली, चौथीतली थोरली मुलगी, कुणीही तुझी गुरू होऊ शकते. मुलांसमोर विचार त्यांना. बाई आपली भाषा शिकतायत हे बघून मुलांचे चेहरे कसे होतात, ते तूच बघशील.

दाराशी रडणाऱ्या मुलाचा भाऊ किंवा बहीण वरच्या वर्गात आहे का बघ. असेल तर आठवडाभर शेजारी बसू दे, त्या वर्गशिक्षकांना मी सांगितलं म्हणून सांग. नसेल तर त्याला पाट्या वाटायचं काम दे. हात रिकामे असले की रडू जास्त येतं.

पाण्याच्या दिवसाला मात्र माझ्याकडे उपाय नाही. चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस घागर घेऊन उभं राहणार, सहा वर्षांचंही. चिडून उपयोग नाही. भागाचं वेळापत्रक वर्गात भिंतीवर लाव आणि त्या दिवशी नवीन अक्षर घेऊ नकोस. आलेल्या पंचवीस जणांना जवळ बसवून वाचून घे. एरवी अडतीस जणांत ज्यांच्यापर्यंत हात पोचत नाही, त्यांच्यासाठी तो दिवस.

ऑगस्टमध्ये मला पुन्हा लिही. चौथा रकाना भरला का, तेवढंच कळव.

प्रश्न : महोदया, अक्कलकोट तालुक्यातल्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आहे. पहिली ते चौथी, पट ४१. माझ्याकडे बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं काम आहे. मतदारयादीसाठी शाळेच्या वेळेतच बोलावणं येतं. मी गेलो की माझ्या सहकारी बाईंवर चारही वर्ग. आदेश नाकारता येतो का? नाकारला तर काय होईल?
— एक शिक्षक

उत्तर : सर, नाकारू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं म्हटलंय खरं, पण त्याच कलमात दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांचा अपवादही आहे. तिथे हात बांधलेले आहेत. मात्र वेळ मागण्याचा आधार तुमच्याकडे भक्कम आहे. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की शिक्षकांना मतदारयाद्यांचं आणि निवडणुकीचं काम सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी द्यावं, शिकवण्याच्या दिवशी शाळेच्या वेळेत सहसा देऊ नये.

तेव्हा मतदार नोंदणी अधिकाऱ्यांच्या नावे, गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत, एक पानाचं पत्र द्या. काम करणार नाही असा सूर पत्रात कुठेही नको. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारपासून मी गावात फिरेन, रविवारीही फिरेन, असं स्वतःहून लिहा. सोबत शाळेचं वेळापत्रक आणि वर्गवार पट जोडा. एक शिक्षक गेला की एकाच खोलीत ४१ मुलं आणि चार वर्ग राहतात, हे आकड्यांत दिसू द्या. पोच घ्या आणि फाइलला लावा. माझा अनुभव असा की तोंडी कुरकुर कुणी ऐकत नाही, पण पत्राला पुष्कळदा वेळ बदलून मिळते. दर वेळी मिळेलच असं नाही.

ज्या दिवशी जावंच लागेल त्या दिवसासाठी बाईंबरोबर आधीच ठरवून ठेवा. पहिली-दुसरी एका बाजूला, तिसरी-चौथी दुसऱ्या बाजूला. बाई धाकट्यांजवळ बसतील, थोरल्यांच्या हातात तुम्ही आदल्या दिवशी फळ्यावर लिहून ठेवलेलं काम असेल. नंतर चौथीतला एकेक जण पहिलीतल्या एकाला वाचून दाखवील. तुमच्याकडे बऱ्याच घरांत कानडी बोलतात. थोरली मुलं धाकट्यांना जे समजावतात ते कानडीत समजावतात, तेव्हा त्यांना अडवू नका. परत आलात की त्या दिवशीचं काम बघून त्यावर सही करा. तुम्ही नसताना केलेलं कुणी बघतच नाही असं मुलांना एकदा वाटलं, की पुढच्या खेपेला फळ्यावर लिहून ठेवलेल्या कामाकडे कुणी वळणार नाही.

प्रश्न : बाई, मी अनुदानित प्राथमिक शाळेत बावीस वर्षं आहे. एप्रिल-मेच्या उन्हात आम्ही घरोघरी फिरून मुलं गोळा करतो. इतकी वर्षं शिकवून लोकांच्या दारात उभं राहायचं, फार अपमान वाटतो. त्यात आमच्या भागातली बरीच कुटुंबं शहराबाहेर कुंभारीला रे नगर या कामगारांच्या नव्या वसाहतीत राहायला गेली, पट खाली आला. आता वरून तोंडी सांगितलंय की ३० सप्टेंबरची पटसंख्या होईपर्यंत कुणालाही शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा नाही, नाहीतर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, एक शिक्षक अतिरिक्त ठरेल. तो एक मीच असू शकते. रोज कुणीतरी आई येते, दाखला मागते, आणि "उद्या या" सांगायची वेळ माझ्यावर येते.
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : दाखला द्या. मागितला त्याच दिवशी.

तुमची भीती मला समजते. बावीस वर्षांनंतर अतिरिक्त होऊन कुठल्या तरी दुसऱ्या शाळेत नव्यानं उभं राहणं सोपं नाही, माझ्या दोन मैत्रिणी त्यातून गेल्या. तरीही. २०२४ च्या जानेवारीत रे नगरात पंधरा हजार घरांचा ताबा देण्यात आला. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या माणसांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं दार मिळालं. त्यांची मुलं तिथून रोज शहरात तुमच्या शाळेत येणार नाहीत. दाखला अडवला तर पटावर नाव राहील आणि मूल कुठल्याच शाळेत बसलेलं नसेल. शिक्षण हक्क कायदाही स्पष्ट आहे. पाचव्या कलमाप्रमाणे मुख्याध्यापकांनी दाखला तात्काळ द्यायचा असतो, उशीर करणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई होऊ शकते. तोंडी आदेश देणाऱ्याला "हे लेखी द्या" असं नम्रपणे म्हणा. लेखी येणार नाही.

आणि ज्या आईला तुम्ही आतापर्यंत "उद्या या" म्हणालात, तिला निरोप पाठवा की दाखला हातात नसला तरी नव्या शाळेला मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, त्याच कलमात तसं म्हटलंय. तिला बहुधा हे माहीत नाही. ती घरी बसवून ठेवेल मुलाला.

दारोदार फिरण्यात मला अपमान दिसत नाही, पण तुम्हाला वाटतो तो खोटा आहे असंही म्हणणार नाही. पुढच्या एप्रिलमध्ये जाहिरातीचा कागद नेऊ नका. त्याच गल्लीतल्या तुमच्या विद्यार्थ्याची वही न्या, जूनचं पान आणि मार्चचं पान शेजारी शेजारी दाखवा. मी तसंच करायची. आई दोन्ही पानांवरून बोट फिरवून बघते, अक्षर ओळखत नसली तरी.

दाखल्याबरोबर एक चिठ्ठी जोडा, नव्या बाईंसाठी. मूल कुठपर्यंत वाचतं, वजाबाकीत कुठे अडतं, कुणाशेजारी बसलं की शांत राहतं. आणि घरी त्याला काय हाक मारतात.